एकवीस दिवसांत फाशी मागणाऱ्यांनो

आज संध्याकाळी मंडळात एक निवेदन फिरत होतं. कलेक्टर साहेबांना द्यायचं. मागण्या तीन. परवाच्या, शाळकरी मुलीवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातल्या आरोपीला एकवीस दिवसांत फाशी व्हावी. फाशी राजवाड्यासमोर, लोकांदेखत व्हावी. आणि इंदूरच्या एकाही वकिलाने त्याचं वकीलपत्र घेऊ नये. खाली भराभर सह्या चालल्या होत्या, बहुतेक नावं ओळखीची. कागद माझ्याकडे आला तेव्हा मी तो तसाच पुढे दिला. भाऊंनी ते पाहिलं (मंडळात लहानथोर सगळे त्यांना भाऊच म्हणतात) आणि एवढंच विचारलं, "तुझी मुलगी असती तर?"

तिथे बोलले नाही. भाऊ वयाने मोठे, त्यांचे डोळे भरलेले, आणि आरतीची वेळ झाली होती. उत्तर इथे देते. लांबण लागणार आहे, पण सही करणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

माझी मुलगी असती तर मला सगळ्यात आधी हे कळायला हवं असतं की पकडलाय तो तोच आहे का. मग त्याच्यावरचा गुन्हा इतक्या पक्क्या रीतीने शाबीत व्हायला हवा असता की हायकोर्ट-सुप्रीम कोर्टात जाऊन तो खटला पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळणार नाही. तुमच्या निवेदनातल्या मागण्या नेमक्या याच दोन गोष्टींच्या मुळावर येतात.

खंडव्याचं प्रकरण किती जणांना आठवतं? इथून तीन तासांचा रस्ता. जानेवारी २०१३ च्या शेवटी तिथल्या एका गावातली नऊ वर्षांची मुलगी नाहीशी झाली, दोन दिवसांनी तिचा मृतदेह सापडला. विशीतला एक आदिवासी तरुण पकडला गेला. तेव्हाही लोक रस्त्यावर आले होते, तेव्हाही "लवकर, लवकर" हाच धोशा होता. १९ फेब्रुवारीला कोर्टाने त्याला विधिक सेवेतून (म्हणजे सरकारी खर्चाने) वकील दिला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित केले. पुढच्या सात दिवसांत तेरा साक्षीदार तपासून झाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात फाशीची शिक्षा. जूनमध्ये हायकोर्टाने ती कायमही केली. वा! यापेक्षा जलद न्याय कुठला हवा होता?

आता "त्याच दिवशी वकील" म्हणजे काय ते समजून घ्या. अशा खटल्याचं चालान, म्हणजे पोलिसांचं आरोपपत्र, शेकडो पानांचं असतं. एफआयआर किती वाजता लिहिली गेली आणि ठाण्याच्या रोजनामच्यात त्या वेळी काय नोंद आहे, हे ताडून पाहावं लागतं. नजरी नक्शात (पोलिसांनी काढलेल्या घटनास्थळाच्या नकाशात) साक्षीदार उभा होता तिथून खरोखर दिसतं का, हे जागेवर जाऊन बघावं लागतं. आरोपीने "दाखवलेली" वस्तू खरंच त्याच्या सांगण्यावरून मिळाली, की पोलिसांना आधीच ठाऊक असलेल्या उघड्या जागेवरून उचलली? पंच कोण होते, ते प्रत्येक जप्तीला तेच तेच कसे? जेलमध्ये जाऊन आरोपीशी बोलावं लागतं, आणि त्याला धड हिंदी येत नसेल तर दुभाषा बघावा लागतो. साक्षीदाराचा पोलिसांसमोरचा जबाब आणि कोर्टातला जबाब शेजारी ठेवून वाचावे लागतात. हे सगळं त्या वकिलाने एका दुपारी करायचं होतं, आणि लगोलग उलटतपासाला उभं राहायचं होतं.

त्यात डीएनए. लोकांना वाटतं डीएनए म्हणजे देवाची सही. अहो, डीएनए म्हणजे आधी एक कपडा, एक पाकीट आणि एक सील. ओला कपडा सावलीत सुकवून कागदी पाकिटात घालायचा असतो. घाईत तो पॉलिथिनमध्ये कोंबला की आत दमटपणा राहतो, जंतू वाढतात, नमुना सडतो. आरोपीचं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घेऊन थंड ठेवायचं असतं. पाकिटावर सील, सीलचा नमुना वेगळ्या कागदावर, मालखान्याच्या (जप्त वस्तू ठेवतात त्या खोलीच्या) रजिस्टरात तारीख-वेळ, पाकीट घेऊन सागर शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत कोण गेलं त्याचं नाव, आणि तिथे पोचलं तेव्हा सील शाबूत होतं ही नोंद. यातली एक कडी तुटली की अहवाल कितीही ठाम असला तरी वरच्या कोर्टात लंगडा पडतो. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात तिघांना फाशीची शिक्षा झाली होती. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिघांनाही सोडलं, आणि त्याचं एक मोठं कारण हेच होतं की नमुने बरेच दिवस मालखान्यात पडून होते आणि अहवाल कशाच्या आधारावर काढला हे खालच्या कोर्टांनी तपासलंच नव्हतं. प्रयोगशाळेचा कागद फायलीला लावला, त्यावर निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडली, संपलं. तो अहवाल लिहिणाऱ्या माणसाला पिंजऱ्यात बोलावून आलेख दाखव, जुळणी कशी केली सांग, हे विचारायला तयारीचा वकील लागतो आणि वेळ लागतो. तुम्ही दोन्ही काढून घ्यायला निघालात.

परत खंडवा. डिसेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सगळी शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश या नावाने त्या निकालाचा आज देशभर दाखला दिला जातो. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा खटल्यात नेमलेला वकील किमान १० वर्षं वकिली केलेला असावा, त्याला तयारीला साधारण किमान ७ दिवस द्यावेत, त्याला आरोपीला भेटू द्यावं. इतक्या साध्या गोष्टी सुप्रीम कोर्टाला लिहून द्याव्या लागल्या. पुन्हा खटला चालला, २०२२ मध्ये पुन्हा फाशी. हायकोर्टाने २०२३ मध्ये ती पुन्हा मोडली, कारण डीएनए तज्ज्ञाची साक्ष नीट झालीच नव्हती. तिसऱ्यांदा खटला. मार्च २०२४ मध्ये खंडव्याच्याच कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं.

अकरा वर्षं. दोनदा फाशी सुनावलेला माणूस निर्दोष.

भाऊ, तुमचा प्रश्न मला इथे विचारायचाय. त्या नऊ वर्षांच्या मुलीचे आईबाप पण आईबापच ना? २०१३ च्या मार्चमध्ये त्यांना सांगितलं गेलं, न्याय झाला. मग सांगितलं, परत साक्ष द्या. मग परत. तीनदा त्यांनी त्या दिवसाची गोष्ट वकिलांसमोर सांगितली असेल, आणि शेवटी हातात काय? एवढं करून खरा माणूस कोण, हे विचारण्याची सोय राहिली नाही. अकरा वर्षांनी कसला माग काढणार? पुरावा गोळा करायचा तो पहिल्या चार दिवसांत, आणि ते चार दिवस आपण सगळे मेणबत्त्या घेऊन चौकात "फाशी, फाशी" ओरडत असतो.

खंडवा लांब वाटत असेल तर आपलं इंदूर घ्या. एप्रिल २०१८. राजवाड्याजवळ आईबापांच्या कुशीत झोपलेलं काही महिन्यांचं बाळ. ते आठवलं की आजही पोटात कालवतं, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. मेच्या मध्यापर्यंत फाशीची शिक्षा सुनावून झालीसुद्धा. सगळ्या शहराला त्याचा अभिमान वाटला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली आणि खटला पहिल्यापासून चालवायला सांगितलं, कारण सगळं घाईघाईत उरकलं होतं आणि बचावाला तज्ज्ञांना तपासण्याची धड संधीच मिळाली नव्हती. साडेपाच वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. ज्या वेगाचं कौतुक केलं, त्याच वेगाने तो खटला पाडला. आणि आज तुम्ही परत तोच वेग मागताय, वर एकवीस दिवसांचा आकडा घालून! हा आकडा कुठून आणला? कायद्यात आधीच मुदती आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) बलात्काराचा तपास दोन महिन्यांत आणि चालान दाखल झाल्यापासून खटला शक्यतो दोन महिन्यांत पुरा करायला सांगितलंय. नीट मनुष्यबळ दिलं तर तेवढ्यात होऊ शकतं. एकवीस दिवसांत फक्त नाटक होतं.

आणि वकीलपत्र घेऊ नये म्हणे. हे वाचून माझं डोकं खरंच फिरलं, कारण सह्यांमध्ये दोन वकील आहेत. बार असोसिएशनचे असले ठराव बेकायदा आणि वकिलीच्या नीतीला सोडून आहेत, हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१० मध्ये स्वच्छ शब्दांत सांगून ठेवलंय. पण कायदा सोडा, हिशेब करा. वकील नाही, म्हणजे उलटतपास नाही. उलटतपास नाही, म्हणजे अपिलात शिक्षा टिकत नाही. आरोपीला सोडवायचाच असेल तर याहून खात्रीचा उपाय मला तरी माहीत नाही.

बरं, आता तुम्ही म्हणाल, "हे झालं चुकीच्या खटल्यांचं. जिथे शंकाच नाही तिथे काय?" मान्य, अशी प्रकरणं असतात. येरवड्यात १९८३ च्या नोव्हेंबरात जोशी-अभ्यंकर खुनांतल्या चौघांना फाशी झाली, किंवा २०१२ मध्ये कसाबला झाली, तेव्हा मराठी घरांमधून कुणी हळहळलं नाही, आणि त्या लोकांना मी दोष देत नाही.

पण "शंकाच नाही" हे ठरवतं कोण? नाशिकजवळची २००३ ची खून-बलात्काराची घटना बघा. आरोपी भटक्या जमातीतले सहा जण. सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, तिघांची फाशी ठेवली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या जन्मठेपेवाल्या तिघांनाही परत फाशीची शिक्षा सुनावली. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाला तेव्हा काडीची शंका नव्हती. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने, त्याच कागदांवर, सहाही जणांना निर्दोष ठरवलं. कागदांत काय होतं? वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. हे पहिल्या दिवसापासून फायलीत होतं. सहापैकी एक जण घटनेच्या वेळी अठराचासुद्धा नव्हता. सोळा वर्षं गेली, पाच-पाच लाख भरपाई मिळाली. मधल्या दहा वर्षांत एखाद्याचा दयेचा अर्ज भराभर फेटाळला गेला असता तर? ती भरपाई कुणाच्या हातात ठेवली असती?

आणि असं "तर" प्रत्यक्षात घडलेलंही आहे. १९९६ आणि १९९७ मध्ये राजस्थानात दोघांना फाशी दिली गेली. ज्या तत्त्वावर दिली ते १९८० च्या बचनसिंग निकालाच्या विरुद्ध होतं, गुन्हेगाराच्या परिस्थितीचा विचार करायचाच नाही असं त्या तत्त्वात धरलं होतं, हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये मान्य केलं. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रांत त्या दोघांचा उल्लेख आहे. पत्र पोचलं. माणसं पंधरा वर्षांपूर्वीच गेली होती.

बचनसिंग निकाल म्हणजे तो "विरळात विरळ" वाला. टीव्हीवर रोज ऐकता ना? त्याचा अर्थ "फार भयंकर गुन्हा" एवढाच नाही. त्यात दुसरी अट आहे, आणि ती सगळे सोयीने विसरतात. जन्मठेपेचा पर्याय पूर्णपणे बंद झालाय, हा माणूस कधीच सुधारणार नाही, हे सरकारने दाखवायचं असतं. ते दाखवायचं कसं, हे सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये सांगितलं, आणि तेही आपल्याच इंदूरच्या प्रकरणात. २०११ मध्ये इथल्या एका घरात दिवसाढवळ्या तीन पिढ्यांतल्या तिघी जणींचा खून झाला होता, तो कोणता ते मंडळात कुणालाच सांगायला नको. गुन्हा शाबीत राहिला. फाशी मात्र रद्द होऊन किमान २५ वर्षं आत, अशी जन्मठेप झाली. आणि त्या निकालात देशभरच्या सेशन कोर्टांना सांगितलं गेलं की शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं मानसिक मूल्यमापन मागवा, घरची परिस्थिती, शिक्षण, आधीची गुन्ह्यांची नोंद मागवा, जेलमधल्या वागणुकीचा अहवाल मागवा. आजही कित्येक कोर्टांत होतं काय? सकाळी दोषी ठरवलं, दुपारी शिक्षेवर "सुनावणी". वकील उठून तीन वाक्यं बोलतो: गरीब आहे, म्हातारी आई आहे, पहिलाच गुन्हा आहे. सरकारी वकील म्हणतो, समाजात संदेश जायला हवा. संध्याकाळी फाशी. माणसाला जगू द्यायचं की नाही हे तीन वाक्यांत.

त्या घरातल्या माणसांपुढे उभं राहून "२५ वर्षं पुरे" म्हणायची माझी छाती नाही. ते त्यांनी मान्य करावं असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांचा राग त्यांचा आहे, तो खराच आहे. पण शिक्षा त्यांच्या हाताने होत नसते, ती सरकार देतं, माझ्या-तुमच्या नावाने.

आणि सरकार काय करतं ते भाऊंसारख्या कनवाळू माणसाने एकदा नीट डोळ्यांसमोर आणावं. जेल मॅन्युअल वाचलंय कुणी? कैद्याचं वजन घेतात. दोर बहुतेक बिहारच्या बक्सर जेलमधून येतो. कैद्याच्या वजनाच्या दीडपट वाळूचं पोतं त्या दोराला बांधून खाली सोडून बघतात, दोर टिकतो का म्हणून. माणूस किती खाली पडू द्यायचा हे वजनावर ठरतं, साधारण सहा ते आठ फूट. हलक्या माणसाला जास्त, जड माणसाला कमी. हिशेब कमी पडला तर मान मोडत नाही, माणूस गुदमरत राहतो. जास्त झाला तर मुंडकं तुटतं. हात मागे बांधलेले, तोंडावर टोपी. खटका ओढल्यावर देह अर्धा तास तसाच लटकत ठेवायचा, मग डॉक्टर तपासणार. हे सगळं सरकारी पगारावरचे, घरी बायकामुलं असलेले लोक करतात.

चाकू घेऊन अंगावर आलेल्याला मारणं मला समजतं. तिथे दुसरा रस्ता नसतो. हात बांधलेला, भिंतींच्या आड असलेला, आता कुणाचं काही करू न शकणारा माणूस वजन करून, दोर तपासून मारायचा, याला मला कोणतंही नैतिक कारण सापडत नाही. कसाबच्या बाबतीतही नाही. दुःख झालं नाही हे वेगळं, आणि ते बरोबर होतं म्हणणं वेगळं. यावर भांडायचं असेल तर खाली भांडा, माझी तयारी आहे.

जरब बसते म्हणणाऱ्यांसाठी एकच. बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला २०१८ पासून फाशीची तरतूद आहे. असे गुन्हे करणारा पुष्कळदा घरातला, नात्यातला, शेजारचा असतो. काका फासावर जाईल म्हटल्यावर आजी तक्रार करू देईल? आणि मुलगी जिवंत सोडली तरी फाशी, मारली तरी फाशी, तर एकमेव साक्षीदार जिवंत ठेवण्याचं कारण त्या नराधमाला काय उरलं? २०१३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात बदल सुचवायला नेमलेल्या न्या. वर्मा समितीने बलात्काराला फाशीची शिफारस केली नव्हती. कायदा आयोगानेही २०१५ मध्ये दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं सोडून बाकी सगळीकडून फाशी काढा म्हटलं.

निवेदन द्यायचंच असेल तर मी बसून लिहून देते. गंभीर गुन्ह्यात फॉरेन्सिकची माणसं घटनास्थळी यायलाच हवीत असं नव्या संहितेत लिहिलंय, ती माणसं आणि गाडी इंदूरच्या किती ठाण्यांच्या हाकेला खरोखर येते ते विचारा. प्रयोगशाळेतली रिकामी पदं भरा म्हणा. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) कोर्टात मुलांना आरोपीचं तोंड बघावं लागू नये असा पडदा आणि वेगळी खोली प्रत्यक्ष आहे का, तिथे साक्षीला आलेल्या आईला बसायला जागा आहे का, हे जाऊन बघा. बचावाचा वकील अनुभवी नेमा आणि त्याला पुरेसे पैसे द्या, असं आपल्या लेटरहेडवर लिहा. हे वाचून कुणी टाळ्या वाजवणार नाही, माहीत आहे. पण परवाच्या प्रकरणातला माणूस खरोखर तोच असेल तर तो आयुष्यभर आत राहील तो याच्याच जोरावर.

भाऊ, तुम्ही हे वाचाल. रागावू नका. उद्या सकाळी घरी येते, चहाला.

आणि एक, सगळ्यांना. कालपासून तीन ग्रुपवर त्या मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो फिरतोय, नावासकट. पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पॉक्सो कायद्यातही मनाई आहे. मुलगी हयात नसली तरी हेच लागू. श्रद्धांजली म्हणून टाकला असेल तरीही. ज्यांनी टाकलाय त्यांनी आत्ता काढा, डीपीला लावलाय त्यांनी बदला. इथे कमेंटमध्ये कुणी तिचं किंवा तिच्या आईवडिलांचं नाव लिहिलं तर मी कमेंट उडवणार, मग ती कुणाचीही असो.